को-ड्रायव्हर काय म्हणतो ते कळतं, पण वळताना आठवत नाही (डर्ट रॅली २.०)

घाटवळण

डर्ट रॅली २.० हा रॅलीचा व्हिडिओ गेम कंट्रोलरवर खेळतोय, गाडी आर-५ या वेगवान वर्गातली. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर पुढची वळणं वाचून सांगतो. शब्दांचे अर्थ पाठ आहेत. एक म्हणजे फार आवळलेलं वळण, सहा म्हणजे जवळपास सरळ, हेअरपिन म्हणजे उलटं फिरवणारं यू-वळण, स्क्वेअर, टायटन्स, डोंट कट, सगळं. पोलंडच्या मोकळ्या रस्त्यावर निभावतं. न्यू इंग्लंडच्या झाडीत शिरलं की असलं काहीतरी कानावर येतं:

‘राइट सिक्स ओव्हर क्रेस्ट, इनटू लेफ्ट फोर, टायटन्स थ्री, डोंट कट, एटी, राइट टू.’

वाक्य संपेपर्यंत क्रेस्ट (रस्त्याचा माथा) मागे गेलेला असतो, डोक्यात ‘फोर’ राहतो, ‘थ्री’ निसटतो आणि गाडी बाहेरच्या झाडाला. तर विचारायचं असं:

आकडा म्हणजे गिअर समजायचा का? सूचना नेमकी किती आधी येते, आणि ती ऐकल्याबरोबर काही करायचं की थांबायचं? आणि एवढं लांबलचक वाक्य लोक लक्षात कसं ठेवतात? स्टेज (रॅलीचा एकेक टप्पा) पाठ करणे हे उत्तर नको आहे, तेवढा वेळ नाही.

रेडलाइन_राजा

आकडा म्हणजे गिअर. फोर ऐकलं की चौथा, टू ऐकलं की दुसरा. इतकं धरलं तरी निम्मं काम होतं. फार खोलात जाऊ नका.

खडीवाला

राजाभाऊ, असहमत. ही समजूत सगळीकडे आहे आणि तिच्यापायी बरेच जण अडकून पडतात. प्रत्यक्ष रॅलीत काही ड्रायव्हर गिअरवर नोट्स (को-ड्रायव्हर वाचतो ती वही) लिहितात हे खरं. पण या गेममध्ये ते लागू पडत नाही, कारण नोट्स सगळ्या गाड्यांना त्याच आहेत. मिनी कूपर एसला गिअर चारच. आर-५ ला पाच. मग ‘सिक्स’ला मिनीवाल्याने काय करायचं?

आकडा वळणाचा आकार सांगतो. किती आवळलेलं, बस. त्या आकाराला किती वेग झेपेल हे गाडी, रस्ता, पाऊस आणि मुख्य म्हणजे पुढे काय आहे यावर ठरतं. तोच ‘फोर’ स्पेनच्या कोरड्या डांबरावर निवांत निघतो, स्वीडनच्या बर्फावर वेगळा, आणि वेल्सच्या ओल्या मातीत ब्रेक मागतो. को-ड्रायव्हर तिन्ही ठिकाणी ‘फोर’च म्हणणार.

तरी हाताशी काहीतरी हवं म्हणून, आर-५, कोरडी खडी, वळण सुटं आहे आणि पुढे रस्ता मोकळा आहे असं धरून माझा अंदाज:

सहा: ॲक्सिलरेटर पूर्ण, फार तर किंचित सोडायचा
पाच: १२० ते १३०
चार: ९५ ते १०५
तीन: ७५ ते ८५
दोन: ५५ ते ६५
एक: ४५ ते ५०
हेअरपिन: ३० ते ३५, हॅण्डब्रेकसह

हे ताशी किलोमीटर, वळणाच्या मध्यावर. सूत्र समजू नका. पहिले पंधरा-वीस मिनिटं यात गाडी चालवून बघा, मग आपल्या हाताप्रमाणे पाच-दहा वरखाली करा. पाऊस असेल तर प्रत्येक आकडा एकाने कमी ऐका: चार म्हणाला की तीन समजायचं.

स्क्वेअर वेगळा. बहुतेकदा तो तिठ्यावर किंवा चौकात येतो, काटकोनात. ‘दोन’ला गोलाई असते, गाडी वळत राहते. स्क्वेअरला ती नसते, कोपरा असतो. वेग दोनच्याही खाली आणावा लागतो आणि गाडी एका झटक्यात फिरवावी लागते. नवखे स्क्वेअरला दोनसारखं घेतात आणि सरळ समोरच्या कुंपणात जातात.

तिरकी_चाल

वरचा तक्ता चांगला आहे, पण धागाकर्त्याची अडचण वेगाची नाही, वेळेची आहे. जरा हिशोब करू.

ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तुम्ही लिहिलेलं वाक्य घाईत बोललं तरी चार सेकंद खातं. म्हणजे को-ड्रायव्हरचं तोंड मिटेपर्यंत गाडी सव्वाशे-दीडशे मीटर पुढे. त्यामुळे ‘वाक्य पूर्ण ऐकतो, मग करतो’ हे जमणारच नाही. आणि ‘शब्द ऐकला की लगेच करतो’ हेही नाही, कारण तो पुढच्याच्या पुढचं सांगत असतो.

खरी पद्धत अशी की डोक्यात दोनच खण ठेवायचे. पहिल्या खणात आत्ता हातात असलेलं वळण, दुसऱ्यात त्याच्या पुढचं. गाडी पहिल्यातून बाहेर पडू लागली की दुसरं पहिल्यात सरकतं आणि रिकाम्या खणात नवीन ऐकू येतं. तिसरं वळण साठवायला जाऊ नका. हात पहिल्या खणावर, कान दुसऱ्यावर. डोळे रस्त्यावर. हे तिन्ही एकाच वळणावर लावले की गाडी झाडात जाते.

आता तुमचं वाक्य घेऊ, तुकड्या-तुकड्याने.

‘राइट सिक्स ओव्हर क्रेस्ट.’ उजवं वळण जवळपास सरळ आहे आणि रस्त्याचा माथा त्या वळणातच आहे. माथ्यावर गाडी हलकी होते, टायरवर भार राहत नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही फुकट. म्हणून गाडीचं तोंड माथ्याच्या आधीच उजवीकडे वळवून ठेवायचं आणि माथ्यावर स्टिअरिंग सरळ.

‘इनटू लेफ्ट फोर.’ सगळा घोळ या इनटूत. इनटू म्हणजे मध्ये रस्ताच नाही. सिक्स फुल टाकून घेतला तर माथ्यापलीकडे उतरताना गाडी डावीकडच्या फोरसाठी आधीच जास्त वेगात असते, वर हलकी. याचा अर्थ तो सिक्स मुळात सिक्स नाहीच. त्याचा वेग पुढच्या फोरने ठरवलाय. ब्रेक माथ्याच्या आधी मारायचा, सरळ रस्त्यावर, चाकं जमिनीला धरून असताना.

‘टायटन्स थ्री.’ फोर हा फक्त सुरुवातीचा आकार. मध्यावर तो तीन होतो. मग हे वळण चारचं समजून घ्यायचंच नाही, पहिल्यापासून तीनचं घ्यायचं. उशिरा आत शिरा, बाहेरच्या कडेने थोडं जास्त वेळ चला आणि आतला काठ वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात गाठा. सुरुवातीलाच काठ गाठला तर शेवटी रस्ता संपतो. तुमच्या गाडीचं नेमकं हेच होतंय.

‘डोंट कट.’ आतल्या कडेला दगड, बुंधा नाहीतर चर आहे. चाक आत घालू नका.

‘एटी, राइट टू.’ आधीचं वळण संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत ८० मीटर. ऐकायला बरंच वाटतं, पण नसतं. तीनमधून ताशी ८० ने बाहेर पडलात तर साधारण ३५ मीटर ॲक्सिलरेटर दाबायला मिळतो, तेवढ्यात वेग शंभरीपर्यंत जातो, आणि उरलेले ४५ मीटर ६० पर्यंत खाली यायला ब्रेक. म्हणजे दाबला, सोडला, ब्रेक. ‘एटी’ ऐकून सुस्कारा टाकायला जागा नाही. ‘वन फिफ्टी’ ऐकलं तर वेगळी गोष्ट.

म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच: सिक्स, पण फोरसाठी. फोर, पण तीनसाठी. बाकी शब्द मग आपोआप बसतात.

घाटवळण

सिक्सचा वेग फोर ठरवतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका: ‘सिक्स ओव्हर क्रेस्ट’ आणि ‘क्रेस्ट, लेफ्ट फोर’ यात काही फरक आहे का? आणि सूचना लवकर यावी म्हणून काही करता येतं?

तिरकी_चाल

फरक आहे, मोठा आहे. ‘ओव्हर क्रेस्ट’ आकड्याला चिकटून आलं तर माथा वळणात. क्रेस्ट आधी बोलला आणि वळण मागून, तर माथा आधी, वळण पलीकडे, बहुतेकदा न दिसणारं. दुसऱ्या प्रकारात माथ्याला गाडी सरळ न्यायची, टेकली की वळवायची. पहिल्यात आधीच वळवायची. जंपलाही हेच. ‘जंप मेबी’ म्हणाला तर वेगात गेलात तर उडाल, हळू गेलात तर नाही. जंपच्या तोंडावर ब्रेक मारू नका, नाक खाली जाऊन गाडी पुढच्या चाकांवर आदळते. ब्रेक मारायचा तो आधी, तिथे पोहोचेपर्यंत सोडलेला असला पाहिजे.

हॅण्डब्रेक_हरी

सेटिंगचं मी सांगतो. सगळ्यात आधी आवाज. को-ड्रायव्हरचा आवाज पूर्ण, इंजिन ६० ते ७० टक्के, खडीचा आणि परिसराचा आवाज त्याच्याही खाली. एक्झॉस्टची मजा जाते, पण प्रत्येक आकडा स्पष्ट ऐकू येतो. हेडफोन लावा, टीव्हीच्या स्पीकरवर हे ऐकू येणं अवघड. ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी (२०२३) खेळणाऱ्यांना सूचना लवकर किंवा उशिरा यावी यासाठी सेटिंग आहे, ती एक पायरी लवकर करून बघा. फार लवकर केलंत तर चालू वळणात असताना पुढची तीन वळणं ऐकू येतील आणि दोन खणांचा तो सगळा मामला कोसळेल.

स्क्रीनवर दिसणारी वळणाच्या बाणांची चिन्हं पहिल्या आठवड्यात ठेवा, मग बंद करा. ती चालू असेपर्यंत माणूस ऐकत नाही, वाचतो. आणि वाचायला डोळा रस्त्यावरून उचलावा लागतो. रात्रीच्या स्टेजला तर हे फारच जाणवतं.

कंट्रोलरवाल्यांसाठी एक छोटी युक्ती. ‘लेफ्ट’ ऐकलं की डाव्या हाताची बोटं किंचित आवळायची, ‘राइट’ला उजव्या. स्टिक हलवायची नाही, फक्त आवळायची. दिशा हातात साठते, डोक्यात फक्त आकडा ठेवायचा. डावं-उजवं गोंधळणाऱ्यांना याचा उपयोग होतो. मनातल्या मनात ‘डावीकडे चार’ असं भाषांतर मात्र करत बसू नका, त्यातच अर्धा सेकंद जातो. लेफ्ट फोर हा एक आवाज म्हणून ओळखीचा झाला पाहिजे, शिट्टीसारखा.

सरावासाठी: टाइम ट्रायल, कोणतीही छोटी स्टेज, आणि गाडी मुद्दाम हळू, मिनी किंवा फुल्विया. ऐकलेली प्रत्येक सूचना मोठ्याने परत म्हणायची. जिथे परत म्हणता येत नाही तिथे वेग जास्त आहे असं समजायचं, गाडीला झेपतंय की नाही हा प्रश्नच नाही. सलग तीन फेऱ्या न अडखळता म्हणता आल्या की मगच आर-५. आधीच आर-५ घेऊन बसलात तर शिकायला जागाच राहत नाही.

रेडलाइन_राजा

ठीक आहे, गिअरचं मागे घेतो. पण ‘कॉशन’चं काय? गेममध्ये इतक्या वेळा ऐकू येतं की शेवटी कानाआड होतं.

खडीवाला

कानाआड करू नका, कॉशन हा आकड्यात न बसणाऱ्या गोष्टीसाठी असतो. वळण चारचंच आहे पण बाहेरच्या अंगाला दरी आहे, किंवा रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता आहे, किंवा दिसायला सोपं आणि प्रत्यक्षात फसवं. प्रत्यक्ष रॅलीच्या वहीत उद्गारचिन्हं असतात, एक, दोन, तीन. ‘समीर, गाडी मोडतोयस’ वाला आपला भारतीय व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाच असेल. त्यात तो बिचारा को-ड्रायव्हर ‘ट्रिपल कॉशन’ म्हणतो ते हेच. हसायला ठीक आहे, पण नोट्स न ऐकल्यावर काय होतं त्याचा तो उत्तम धडा आहे.

माझा नियम: कॉशन ऐकलं की आकडा एकाने कमी करा आणि डोळे वर. पहिल्यांदा जाताना तरी.

‘डोंट कट’ आणि ‘कट’ याबद्दलही थोडं. नुसतं वळण सांगितलं आणि कटबद्दल काहीच नाही, तर आत चाक घालायचं की नाही हा तुमचा धोका. ‘कट’ म्हणाला तर बिनधास्त. अर्जेंटिनाच्या स्टेजवर मात्र मी कट म्हटलं नाही तर आत जाणार नाही. तिथे कडेला दगड आहेत, टायर फुटतो, स्पेअर गेला की पुढच्या पंक्चरला रिमवर चालवत शेवट गाठायचा.

आणि एक गोष्ट नोट्स सांगत नाहीत. या गेममध्ये तुमच्या आधी गेलेल्या गाड्यांनी रस्त्यात चाकोऱ्या पाडलेल्या असतात. उशिरा सुटणाऱ्याला खोल चाकोऱ्या मिळतात, त्यातून गाडी बाहेर काढणं अवघड. सूचना पहिल्याला आणि शेवटच्याला तीच. त्यामुळे शेवटच्या क्रमांकाला सुटत असाल तर लाँग फोर, लाँग थ्री या वळणांवर चाक चाकोरीत बसवूनच जा. मधेच लाइन बदलायला गेलात की मागचा भाग सुटतो.

आरबीआरकर

सगळे डर्टबद्दल बोलताहेत, म्हणून जुन्या गेमची एक बाजू. रिचर्ड बर्न्स रॅली, २००४. त्यात मूळ नोट्स आकड्यांत नाहीत, शब्दांत आहेत: फ्लॅट, इझी, फास्ट, मीडियम अशा. वाचणारा रॉबर्ट रीड, जो २००१ साली बर्न्सबरोबर जगज्जेता झाला तोच. शब्दांची सवय आकड्यांपेक्षा लवकर होते असं माझं मत आहे. ‘मीडियम’ ऐकून लगेच कळतं की हे मधलं आहे, ‘थ्री’ ऐकून एक क्षण विचार करावा लागतो. पण सवयीचा भाग आहे, वाद नको.

खरा फायदा वेगळा. आरबीआरमध्ये (म्हणजे याच गेममध्ये) पेसनोट प्लगइन, म्हणजे नोट्स बदलायची जोड, टाकून नोट्स स्वतः बदलता येतात: शब्द बदला, सूचना वीस-तीस मीटर आधी ओढा, नको असलेली काढून टाका. प्रत्यक्ष रॅलीत हेच तर असतं. रेकीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या पाहणीत, ड्रायव्हर कमी वेगात त्या स्टेजवरून जातो, बहुधा दोनदा, आणि को-ड्रायव्हरला आपल्या भाषेत वळणं लिहून देतो. मग स्पर्धेत ऐकतो ते स्वतःचेच शब्द. म्हणून तिथे गोंधळ कमी. डर्ट रॅली २.० मध्ये तुम्ही दुसऱ्याच्या वहीवर गाडी चालवताय. वाचणारा फिल मिल्स आहे, २००३ साली पेटर सोलबर्गबरोबर जगज्जेता, त्यामुळे वाचन उत्तम. पण वही तुमची नाही.

म्हणून एक करा. कागदावर पाच-सहा जागा लिहून ठेवा जिथे तुमचा आणि गेमचा आकडा जुळत नाही. न्यू झीलंडला रस्ता रुंद आहे, तिथे फोर वाटतं त्यापेक्षा वेगात निघतं. न्यू इंग्लंडला अरुंद, तिथे फोर तेवढंच हवं. ठिकाणानुसार मनातला तक्ता सरकवा. पूर्ण स्टेज पाठ करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आणि यूट्यूबवर खऱ्या रॅलीचे इन-कार व्हिडिओ बघून शिकायला गेलात तर सावध. काही ड्रायव्हरांच्या वहीत एक हे सर्वांत वेगवान वळण असतं, म्हणजे बरोब्बर उलटं. काही जण अंश लिहितात. त्यामुळे ‘वन’ ऐकून भरधाव जाणाऱ्या गाडीचा व्हिडिओ पाहून तुमचा गोंधळच वाढेल.

घाटवळण

आवाज कमी-जास्त केला, मिनी घेतली, मोठ्याने म्हणत चालवलं. दोन खणांचं बऱ्यापैकी जमतंय. आता अडकतंय ते फक्त एका जागी: ‘लाँग’. ‘लेफ्ट फाइव्ह लाँग’ म्हणाला की मी लवकर ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी बाहेर ढकलली जाते.

तिरकी_चाल

लाँग हा आकार नाही, लांबी आहे. पाचच, पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ चालणारं. दोन गोष्टी करा.

पहिली, लाँगला आतला काठ दोनदा दिसतो असं समजा. पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो खोटा, वळण अजून शिल्लक आहे. तिथे गाडी काठाला नेऊ नका, अर्धा रस्ता सोडून चला. दुसऱ्यांदा, म्हणजे समोर सरळ रस्ता दिसू लागला, की मग काठ आणि मग ॲक्सिलरेटर.

दुसरी, मधल्या भागात पेडल एका जागी धरून ठेवा, साधारण ४० ते ५० टक्के. कंट्रोलरवर ट्रिगर अर्ध्यावर. दाबला तर नाक बाहेर जातं, एकदम सोडला तर मागचा भाग फिरतो, म्हणून ना दाबा ना सोडा. ‘लाँग ओपन्स’ असेल तर शेवटी मोकळं होतं, हळूहळू दाबत न्या. ‘लाँग टायटन्स’ असेल तर वर सांगितलेलंच, शेवटच्या आकड्याचं वळण समजून आत शिरा.

घोळ कुठे होतोय ते रिप्लेमध्ये बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघा. पुढची चाकं वळलेली आहेत आणि गाडी सरळ घसरतेय, तर ट्रिगर जास्त आहे. चाकं जवळपास सरळ आहेत आणि तरी बाहेर जातेय, तर आत शिरतानाच वेग जास्त होता. दोन्हींचं औषध वेगळं.

घाटवळण

रिप्ले बघितला. चाकं पूर्ण वळलेली, गाडी सरळ. ट्रिगरच.